खिडकीच्या पट्टीसाठी लाकूड आणण्याआधी: माप कसं काढायचं, कसं सांगायचं

सडलेली पट्टी काढली, टेप लावला, आकडा लिहून घेतला आणि तेवढंच लाकूड आणलं. जागेवर धरून पाहिलं तर शेजारच्या जुन्या पट्टीपेक्षा नवी एक सूत आत! दोष टेपचा नसतो. टेप दाखवतो ते तयार पट्टीचं माप, आणि वखारीतून घ्यायचं लाकूड असतं वेगळ्या मापाचं. या दोन आकड्यांमध्ये जुन्या रंगाचे थर, रंध्याचा घास, लाकडातला ओलावा आणि कोपऱ्याचा तिरका काप अशी चार गणितं असतात. ती कोणत्या क्रमाने सोडवायची, ते पुढे दिलं आहे.

आधी एकक ठरवा. १ इंच म्हणजे ८ सूत, म्हणजेच २५.४ मिमी. एक सूत साधारण ३.२ मिमी. इंच-सुतात मोजा किंवा मिमीत, पण एका कागदावर दोन्ही नकोत. अर्धं माप इंचात आणि अर्धं मिमीत लिहिलं की बेरजेत चूक झालीच. टेपही पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वापरा. टेपच्या टोकाचा लोखंडी हूक किंचित हलतो, तो हलायलाच हवा. पण तो वाकलेला असेल तर प्रत्येक माप एक-दीड मिमीने खोटं येतं. शंका आली तर १०० मिमीच्या खुणेपासून मोजा आणि शेवटी १०० वजा करा.

हाताशी हवं ते: टेप, व्हर्नियर कॅलिपर (जाडी अचूक मोजायचं साधन), गुण्या, कोन उचलायला सरकता गुण्या, टोच्या, कटर, पक्कड, दोन-अडीच फुटांची सरळ पट्टी, पेन्सिल. ओलावा मोजायचं मीटर मिळालं तर उत्तमच.

१. कुठला भाग गेलाय आणि कुठपर्यंत

खिडकीभोवतीच्या सगळ्या लाकडाला लोक सरसकट ‘पट्टी’ म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. चौकट आणि गिलावा यांच्यातली फट झाकते ती कव्हरपट्टी. काच धरून ठेवते ती बीडिंग. खाली बाहेरच्या अंगाला आडवा असतो तो उंबरा, खोलीच्या बाजूला असते ती खालची आतली फळी. चौकट भिंतीच्या पातळीपर्यंत पोहोचत नाही तिथे मध्ये ठोकलेली असते ती जोडपट्टी. प्रत्येकाचं माप काढायची रीत वेगळी, म्हणून कागदावर आधी भागाचं नाव, मग आकडा.

आता टोच्या घ्या आणि खालून वर टोचत जा. धड लाकडात टोक एक-दोन मिमीवर अडतं, सडलेल्यात लोण्यात गेल्यासारखं आत शिरतं. जिथे पहिल्यांदा अडलं तिथे खूण करा आणि तिथून आणखी ५० ते ७५ मिमी पुढे कापायचं धरा. सड डोळ्यांना दिसते त्याच्या थोडी पुढे गेलेली असते. खुणेवरच कापलं तर नव्या तुकड्याचा सांधा सडक्या लाकडाला टेकतो.

थांबा: पाणी कुठून येतंय ते सापडल्याशिवाय लाकूड आणू नका. गिलाव्याची चीर, उंबऱ्याचा उलटा ढाळ, काचेभोवतीची निघालेली लांबी (पुट्टी), यांतलं काहीतरी नक्की असतं. पोकळ आवाज आणि आत मातीचे बोगदे दिसले तर ती वाळवी. तिचा बंदोबस्त आधी, सुतारकाम नंतर.

२. पट्टी उतरवा, पण मोडू नका

जुनी पट्टी हाच सगळ्यात खात्रीचा नमुना. भिंत आणि पट्टी यांच्या सांध्यावरचा रंग कटरने पूर्ण खोलीपर्यंत कापून घ्या, नाहीतर गिलाव्याचा पापुद्रा सोबत निघतो. मग चपटी लोखंडी पट्टी खिळ्यांच्या जवळ सारून थोडी-थोडी उचला. खिळे पुढून ठोकून काढू नका. पट्टीच्या मागच्या बाजूने पकडीने ओढले तर दर्शनी भाग फुटत नाही.

सडका भाग सोडून धड जागेचा दोन इंचांचा तुकडा करवतीने काटकोनात कापा. त्याच्या तोंडावर पट्टीचा खरा आडवा छेद दिसतो: जाडी, रुंदी, गोलाई, खाचा, सगळं. वखारीत जाताना हा तुकडा खिशात हवाच. नक्षीदार पट्टी असेल तर त्याची बाह्यरेषा कागदावरही काढून ठेवा.

थांबा: जुन्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, जाळूही नका. मोजण्यापुरता भाग रंग काढायच्या द्रावणाने किंवा पाणी मारून ओला खरवडा आणि खरवड गोळा करून टाका.

३. जाडी आणि रुंदी

रंगावरून मोजलेली जाडी खोटी असते. अनेकदा रंगवलेल्या पट्टीवर एका बाजूला सहज अर्धा ते एक मिमी थर साचतो. ताज्या कापलेल्या तुकड्यावर कॅलिपर लावा आणि रंगाची रेघ सोडून फक्त लाकूड मोजा. वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी मोजा. आकडे वेगळे आले तर सरासरी काढू नका. नवा तुकडा ज्या जागी जुन्याला भिडणार, तिथला आकडा धरा.

बऱ्याच कव्हरपट्ट्या मागून मधोमध किंचित पोखरलेल्या असतात, उंचसखल भिंतीवर नीट बसाव्यात म्हणून. अशा पट्टीची जाडी कडेला मोजा. मध्ये मोजलीत तर दीड-दोन मिमी कमी भरते आणि नवी पट्टी शेजारच्या पट्टीपेक्षा आत जाते.

किती फरक चालतो हे सांध्यावर ठरतं. ४५ अंशांच्या कोपऱ्यात दोन्ही पट्ट्यांची रुंदी एकसारखीच लागते. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तिरकी रेघ आतल्या किंवा बाहेरच्या टोकाला जुळत नाही आणि कितीही लांबी भरली तरी नजर तिथेच जाते. आडव्या पट्टीखाली उभी पट्टी सरळ टेकलेली असेल तर दोन मिमीचा फरकही खपून जातो. मापाची पट्टी मिळतच नसेल तर एक बदलण्याचा हट्ट सोडा आणि वरची-बाजूची मिळून तिन्ही नव्या घाला. लाकूड जास्त लागेल, पण ठिगळ दिसणार नाही.

४. लांबी

आधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. पाच मिमी किंवा जास्त फरक आला तर प्रत्येक बाजू स्वतंत्र मोजा आणि कोपऱ्यांचे कोन सरकत्या गुण्याने उचला. कोन ८९ अंशांचा असेल तर दोन्ही काप ४४.५ अंशांचे, ४५ वर कापून मग घासत बसण्यात अर्थ नाही.

कव्हरपट्टी चौकटीच्या कडेला अगदी भिडवून लावत नाहीत. कडेची ५ ते ६ मिमी पट्टी मोकळी सोडतात, म्हणजे चौकट थोडी वाकडी असली तरी डोळ्याला कळत नाही. ही मोकळी कड हिशोबात धरायला विसरणं ही लांबीतली सगळ्यात नेहमीची चूक.

उदाहरण घेऊ. चौकटीच्या आतली रुंदी १२०० मिमी, उंची १३५० मिमी (खालच्या फळीच्या वरच्या अंगापासून), मोकळी कड ५ मिमी, पट्टीची रुंदी ६५ मिमी.

वरची पट्टी, आतलं टोक ते आतलं टोक: १२०० + ५ + ५ = १२१० मिमी. बाहेरचं टोक ते बाहेरचं टोक: १२१० + ६५ + ६५ = १३४० मिमी.

बाजूची पट्टी, आतली कड: १३५० + ५ = १३५५ मिमी. बाहेरची कड: १३५५ + ६५ = १४२० मिमी.

खालची आतली फळी दोन्हीकडे कव्हरपट्टीच्या २० मिमी बाहेर काढायची असेल तर तिची लांबी १३४० + २० + २० = १३८० मिमी.

लाकूड घेताना नेहमी बाहेरच्या टोकाचं माप धरा. आतल्या टोकाचं माप सांगून आणलेली पट्टी ४५ अंशांत कापली की प्रत्येक तिरक्या टोकाला पट्टीच्या रुंदीएवढी तोकडी पडते.

तपासा: कागदावर पट्टीचं ओबडधोबड चित्र काढून आतल्या-बाहेरच्या दोन्ही टोकांवर आकडे लिहिलेत का? नुसती यादी केली तर कापताना कुठला आकडा कुठला, ते आठवत नाही.

५. चौकट आणि भिंत एका पातळीत आहेत का

सरळ पट्टी भिंतीवर टेकवून चौकटीवर आडवी धरा आणि फट मोजा. प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी. चौकट भिंतीच्या आत तीन मिमीपर्यंत असेल तर गिलाव्याची कड थोडी खरवडून भागतं. त्याहून जास्त आत असेल तर जोडपट्टी लागते, आणि तिची रुंदी म्हणजे मोजलेल्यांतली सर्वांत मोठी फट; बारीक ठिकाणी रंधून उतरवता येते, वाढवता मात्र येत नाही. चौकट भिंतीच्या बाहेर आली असेल तर कव्हरपट्टी जाड घेऊन मागून खाच मारावी लागते. हे मोजमाप गाळलं की पट्टी ठोकताना डुलते, खिळा घट्ट केला की मध्येच फाटते, आणि दोष लाकडाला दिला जातो.

६. उंबऱ्याचं वेगळं गणित

बाहेरच्या उंबऱ्याला पाणी वाहून जायला ढाळ असतो. तो दोन प्रकारे केलेला असतो आणि आपला कुठला, हे कडेच्या छेदावरूनच कळतं. एक, सरळ फळी तिरकी बसवलेली. तिची जाडी फळीच्या काटकोनात मोजा. दोन, खालून सपाट आणि वरून उतरती केलेली, म्हणजे पाचरीसारखी. दुसऱ्या प्रकारात लोक दर्शनी कड मोजून येतात आणि तिथेच फसतात.

समजा उंबरा १४० मिमी रुंद आहे, ढाळ दहास एक, आणि पुढची कड ३० मिमी जाड. उतार १४ मिमीचा, म्हणजे मागची कड ४४ मिमी. तयार लाकूड किमान ४४ मिमी हवं, कापीव घेतलं तर ५० मिमी. पुढची कड पाहून सव्वा इंची फळी आणली तर ढाळच काढता येणार नाही.

उंबऱ्याखालची पाणी तोडणारी खाच आहे का ते बघा. साधारण ६ मिमी रुंद, तेवढीच खोल, पुढच्या कडेपासून थोडी आत आणि भिंतीच्या बाहेर. उंबरा भिंतीच्या जेमतेम बाहेर येत असेल तर खाचेला जागा उरत नाही आणि पाणी पुन्हा गिलाव्यावर उतरतं. जुना उंबरा असाच तोकडा असेल तर नव्याची रुंदी वाढवा. जुन्याची नक्कल करू नका.

७. मोजलेल्या मापावरून घ्यायचं माप

लाकूड दोन अवस्थांत मिळतं. कापीव, म्हणजे करवतीवरून आलेलं खरबरीत. आणि रंधलेलं, म्हणजे चारही अंगं साफ केलेलं. कापीव लाकडाचा आकडा हा रंधण्याआधीचा असतो. दोन्ही अंगं साफ करताना जाडीत चार-पाच मिमी आणि रुंदीत पाच-सहा मिमी सहज जातात; लांब किंवा पीळ असलेल्या तुकड्यात त्याहून जास्त. म्हणून तयार २२ मिमी, म्हणजे सात सूत, पट्टी हवी असेल तर कापीव नऊ सूत हा किमान आकडा आणि सव्वा इंच हा निर्धास्त आकडा. एक इंची कापीव घेऊन सात सुताची पट्टी काढता येईल, असं कागदावर वाटतं. लाकूड अगदी सरळ असेल तर येतेही. सहसा येत नाही.

रंधलेल्या लाकडात फसगत नावातच असते. उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीने विकल्या जाणाऱ्या मऊ लाकडाचं नाव एक आणि माप दुसरं. ‘एक बाय दोन’ प्रत्यक्षात १९ × ३८ मिमी, ‘एक बाय तीन’ १९ × ६४, ‘एक बाय चार’ १९ × ८९, ‘एक बाय सहा’ १९ × १४०. ‘दोन बाय चार’ ३८ × ८९. ‘पाच चतुर्थांश’ म्हणून मिळणारी फळी २५ मिमी भरते. म्हणजे नावात एक इंच असला तरी हातात पाऊण इंचच येतो. जुनी पट्टी भरीव एक इंची किंवा सात सुती असेल तर पाऊण इंची त्याच्या शेजारी उघडी पडणारच.

अशा वेळी दोन मार्ग. एक जाडी वरचं लाकूड घेऊन रंधून उतरवणं. दर्शनी आणि बाहेरच्या कामाला हाच बरा. दुसरा, पातळ पट्टीच्या मागे पूर्ण रुंदीचा आणि पूर्ण लांबीचा प्लायचा पातळ थर चिकटवणं. हा फक्त आतल्या, रंगवायच्या कामाला. मागे जागोजागी काड्यापेटीसारखे तुकडे कोंबून पट्टी उचलू नका; कडेला सावली दिसते आणि दाबल्यावर पट्टी वाजते.

नक्षीची पट्टी बाजारात तंतोतंत मिळाली नाही तर छेद नीट निरखा. वरकरणी एकसंध वाटणारी पट्टी पुष्कळदा सपाट फळी आणि तिच्या कडेवर बारीक गोल किंवा खोबणीची बीडिंग अशा दोन तुकड्यांतून जुळवता येते.

काचेच्या बीडिंगला वजाबाकी पुरते. चौकटीची खाच १६ मिमी, काच ५ मिमी, काचेमागचा लांबीचा थर २ मिमी. उरले ९ मिमी. तेवढीच जाड बीडिंग.

थांबा: दुकानात ‘एक इंची द्या’ असं सांगू नका. ‘तयार बावीस मिमी, चारही अंगं रंधून’ असं सांगा आणि समोर कॅलिपर लावून घ्या.

८. कापाची यादी

एकूण लांबीची बेरीज करून लाकूड आणणं ही दुसरी मोठी चूक. वरच्याच उदाहरणात प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकांना २५ मिमी जास्त धरले तर १४७०, १४७० आणि १३९० मिमीचे तीन तुकडे लागतात. बेरीज ४३३० मिमी. २.४ मीटरच्या दोन पट्ट्यांची बेरीज ४८०० होते, म्हणजे पुरायला हवं. पण प्रत्येकीतून एकच बाजूची पट्टी निघते, ९३० मिमीचा तुकडा उरतो आणि वरच्या पट्टीला लाकूडच नाही. तीन मीटरची एक आणि दीड मीटरची एक घेतली तर साडेचार मीटरमध्येच सगळं बसतं. प्रत्येक कापाला करवतीची ३ मिमी जाडी धरा.

खालचा सडका भाग कापून फक्त तेवढाच तुकडा जोडायचा असेल तर सांधा सरळ आडवा नको, कलता हवा. कलाची लांबी जाडीच्या दुप्पट. २२ मिमी पट्टीला साधारण ४५ मिमी. बाहेरच्या कामात काप बाहेरच्या अंगाला खाली उतरता ठेवा, म्हणजे वरचा तुकडा खालच्यावर पुढून ओघळेल आणि पाणी सांध्यात शिरणार नाही. उलटा काप म्हणजे पाण्याला दिलेलं पन्हाळं. कलाची लांबी नव्या तुकड्याच्या मापात मिळवायला विसरू नका.

९. लाकूड निवडताना

जात शक्यतो जुनीच. पारदर्शक पॉलिश असेल तर दुसरा पर्याय नाही. रंग असेल तर थोडी मोकळीक आहे. बोटांसारखे सांधे देऊन जोडलेल्या पट्ट्या सरळ असतात आणि आतल्या रंगवायच्या कामाला चांगल्या, पण पॉलिशखाली सांधे दिसतात. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) बाहेर किंवा उंबऱ्याला कधीच नको. पाणी लागलं की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत.

फळीच्या एका टोकाला डोळा लावून लांबीवर नजर टाका. जाडीच्या दिशेचा हलका बाक खिळ्यांनी बसतो. रुंदीच्या दिशेचा बाक बसत नाही आणि पीळ तर मुळीच नाही. असा तुकडा बाजूला ठेवा, स्वस्त असला तरी. मग टोकाकडची वर्तुळं पाहा. वर्तुळांच्या रेघा फळीच्या रुंद अंगाला उभ्या असतील तर लाकूड कमी हलतं. त्या आडव्या, कमानीसारख्या असतील तर सुकताना फळी वाटीसारखी वळते आणि सालीकडचं अंग खोलगट होतं. अशी पट्टी आत वापरायची झाली तर सालीकडचं अंग भिंतीकडे ठेवा. कडा भिंतीला दाबून राहतात. पांढुरकं बाहेरचं लाकूड किडीला आणि सडीला लवकर बळी पडतं, ते बाहेरच्या कामात घेऊ नका. गाठ कापाच्या रेषेवर किंवा खिळ्याच्या जागी येणार नाही हे तिथेच पाहून घ्या.

१०. मुरू द्या, मग मापाला आणा

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. हलतं ते रुंदीत आणि जाडीत. वर्तुळांच्या ओघात जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते केंद्राकडून बाहेरच्या दिशेत आकसतं. कमानी रेघांची ९० मिमी रुंद सागाची पट्टी १८ टक्के ओलाव्यावरून १२ टक्क्यांवर आली तर रुंदीत १ मिमीच्या आसपास कमी होते. कोपऱ्याचा सांधा उघडायला तेवढं पुरे.

म्हणून आणलेलं लाकूड ज्या खोलीत लावायचं तिथेच, मध्ये पट्ट्या घालून हवा खेळेल असं आडवं रचून किमान आठवडाभर ठेवा. भिंतीला उभं टेकवलं तर तिथेच बाक धरतं. मीटर असेल तर खोलीतल्या जुन्या, कोरड्या लाकडाचा आकडा घ्या आणि नव्याचा त्याच्या दोन टक्क्यांच्या आत येईपर्यंत थांबा. मीटर नसेल तर पट्टीची रुंदी एकाच जागी कॅलिपरने मोजून आकडा रोज लिहीत गेलात तरी चालतं. तीन दिवस आकडा हलला नाही की लाकूड स्थिरावलं.

आता रंधा. आधी एक रुंद अंग सरळ करा, मग त्याला काटकोनात एक कड, मग त्या दोहोंवरून जाडी आणि शेवटी रुंदी. क्रम बदलला तर फळी समांतर होते, पण वाकडीच राहते. जाडी हव्या त्या मापापेक्षा अर्धा मिमी जास्त ठेवून थांबा, नमुन्याचा तुकडा शेजारी ठेवून बोट फिरवा आणि उरलेलं हाताच्या रंध्याने उतरवा. बोटाला जी पायरी लागते ती पॉलिश झाल्यावर डोळ्यालाही दिसते.

आधी वरची पट्टी कापून कोरडी लावून पाहा. ती बसली की बाजूच्या पट्ट्यांची लांबी कागदावरून न घेता थेट जागेवर उभ्या धरून खूण करा. वरचा तिरका काप आधी जुळवा, खालचा सरळ काप शेवटी. चूक झालीच तर खालून एक मिमी घेता येतो.

तपासा: तिन्ही तुकडे कोरडे एकत्र बसले का, मोकळी कड तिन्ही बाजूंना सारखी आहे का, झडप पट्टीला न घासता पूर्ण उघडते का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आल्यावरच मागचं अंग आणि कापलेली टोकं यांना प्रायमर द्या. टोकांना दोन हात हवेत, कारण लाकूड सर्वाधिक पाणी तिथूनच पितं. प्रायमर वाळला की पट्ट्या चढवा.